पानावर आडवा हात

प्रणोतीनं केशर-कस्तुरी हॉटेलचं नाव काढलं, तेव्हा भय्यासाहेब दाणी चहात बिस्किट बुडवून बसले होते. बिस्किट तुटून कपात पडलं. ते काढायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"तिथं नको," ते म्हणाले. "ते रिजेक्ट आहे."

"काहून?" आईच्या पंच्याहत्तरीसाठी प्रणोती सकाळच्या गाडीनं नागपूरहून आली होती आणि कार्यक्रम डोक्यात पक्का करूनच आली होती.

"दाल. वर तूप, खाली पाणी."

"मी सगळं वाचून आले, बाबा. लोकांनी भरभरून लिहिलंय. टेबलही सांगून ठेवलंय."

"लोक काय, काहीही पास करतात."

धाकट्या अतुलनं मोबाइलमधून मान वर काढली. "मग तेवरच्या वळणावरचा ढाबा?"

"रिजेक्ट. रोटी कच्ची."

"गोंडवाना थाट?"

"पनीर रबर."

"अन् ते नदीकडचं, झोपाळे लावलेलं?"

"माशा."

"म्हणजे इथून भेडाघाटपर्यंत माणसानं उपाशीच जावं," अतुल म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. घरातल्या कुठल्याही वादात अतुलचा सहभाग एवढाच असे. एक वाक्य टाकायचं आणि कोण जिंकतंय ते पाहून मग बाजू घ्यायची.

रेवाविश्राम हे वृद्धांचं संकुल भेडाघाट रस्त्यावर आहे. शहरापासून इतकं दूर की मुलांना यायला निमित्त लागावं, आणि इतकं जवळ की न यायलाही लागावं. शहरातल्या गढा भागातलं घर विकून भय्यासाहेब आणि कुंदाबाई इथं आले, त्या व्यवहारात कोण किती बोललं आणि कोण किती गप्प बसलं, हे दाणी कुटुंबात अजून कुणी विसरलेलं नाही. इथल्या रहिवाशांचे विषय दोनच, गुडघे आणि बाहेरचं जेवण. मेसचं जेवण वाईट नव्हतं. वाईट असतं तर त्याला निदान काही चव असती. म्हणून दर रविवारी कुणी ना कुणी रिक्षा सांगून बाहेर पडे आणि सोमवारी सकाळी बाकावर निकाल लागे. त्या बाकावर भय्यासाहेबांचा शब्द शेवटचा. तोफांच्या कारखान्यात उभा जन्म त्यांनी इन्स्पेक्टर म्हणून काढला होता. केसाएवढी फट असलेला नग त्यांच्या हातून पुढे गेला नाही, अशी ख्याती. त्यांनी एखादं हॉटेल नापास केलं की चार-सहा जोडपी तिकडे फिरकत नसत. मोठी कडक जीभ, असं लोक कौतुकानं म्हणत.

खरी गोष्ट उलटी होती. भय्यासाहेबांनी एकही हॉटेल नापास केलं नव्हतं. हॉटेलांनी त्यांना केलं होतं, म्हणजे कुंदाबाईंना.

पावसाळ्यापासून हे चाललं होतं. तेवरच्या ढाब्यावर कुंदाबाई आपल्या ताटातली रोटी घेऊन उठल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या ट्रकवाल्याच्या ताटात ठेवून आल्या. तो हसला. मग त्यांनी दुसरी ठेवली, मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "लाजू नका, घरचंच आहे." गोंडवाना थाटमध्ये त्यांनी वेटरच्या हातातून भाजीचं भांडं काढून घेतलं. झोपाळेवाल्याकडे तर त्या थेट आत गेल्या आणि आचाऱ्याला विचारू लागल्या की पाहुणे बसलेत, पानं काहून मांडली नाहीत. प्रत्येक ठिकाणी मालक चांगले वागले. केशर-कस्तुरीचा मॅनेजर तर फारच चांगला. तो भय्यासाहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला होता, "अंकल, अगली बार पैक करवा लीजिए. आंटीजी को क्यों तकलीफ देना."

हे सगळं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण रेवाविश्रामचा नियम साधा होता. जोडप्याची खोली दोघांनाही आपलं आपण करता येतंय तोवरच. वर्षातून एकदा डॉक्टर येऊन प्रश्न विचारी. ज्याची स्मृती गेली त्याला मागच्या बिल्डिंगीत हलवत. तिथली माणसं प्रेमळ होती, फरशी स्वच्छ होती, दाराला आकडे दाबायचं कुलूप होतं. भेटायला संध्याकाळी तासभर जाता येई. कुंदाबाईंची तपासणी उद्या, सोमवारी होती. खोलीतल्या खोलीत तालीम घेऊन भय्यासाहेबांनी त्यांच्याकडून वार, महिना आणि पत्ता पाठ करून घेतला होता. कधी येई, कधी नाही. पन्नास वर्षांचा संसार झाल्यावर त्यांना एकटं झोपायचं नव्हतं, आणि ही काही कुणापुढे बोलायची गोष्ट नव्हती. म्हणून ते दालीला नावं ठेवत.

"चलो, ठरलं मग," प्रणोती म्हणाली. "आई, तयार हो. तुझ्या वाढदिवसाला हॉटेलात जाऊन राहिलो आपण."

कुंदाबाई खिडकीशी बसल्या होत्या. निळी इरकल नेसलेल्या, केस नीट विंचरलेले. ते भय्यासाहेबांनी विंचरले होते. त्या प्रसन्न हसल्या.

"किती माणसं आहेत जेवायला?" त्यांनी विचारलं.

"आपणच, आई. पाच."

"अगं, पाच म्हणजे काय माणसं झाली?" त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. भय्यासाहेब सर्वांत मोठ्यांदा.

एक माणूस मात्र हसलं नाही.

विभावरी, अतुलची बायको, दारात सासूबाईंच्या चपला घेऊन उभी होती. ती शाळेत गणित शिकवायची, आणि वर्गात कोण उत्तर दुसऱ्याच्या वहीत पाहून सांगतंय हे तिला पाठमोरी असतानाही कळे. सासूबाईंचं काय चाललंय हे तिनं दिवाळीतच ओळखलं होतं. फराळाला आल्या तेव्हा त्यांनी चकलीची भाजणी कशी करायची ते विचारलं होतं. जिला विभावरीची भाजणी वीस वर्षं एकदाही पसंत पडली नाही, त्या बाईनं. हे आजाराशिवाय होणं शक्य नव्हतं.

ओळखल्यावर तिनं हिशेब मांडला. गोष्ट उघडी पडली की प्रणोतीताई म्हणणार, आईला असं कुलपात ठेवायचं? घरी न्या. घर म्हणजे नेपियर टाउनचा फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये दिवसभर घरी राहणारं माणूस म्हणजे, शाळेची नोकरी सोडून, विभावरी. अतुल मान डोलावणार. म्हणून ती गप्प राहिली. यात प्रेम नव्हतं, पण दुष्टपणाही नव्हता. तिची कंबर दुखायची, आणि तिला अजून आठ वर्षं शिकवायचं होतं.

गाडीत अतुल चालवत होता, प्रणोती त्याच्या शेजारी. मागे मध्ये कुंदाबाई, दोन बाजूंना भय्यासाहेब आणि विभावरी. गढ्याच्या घराच्या व्यवहारापासून सासरे-सून एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलायचं ते अतुलमार्फत, पोस्टानं पाठवल्यासारखं.

पुढे प्रणोती केकबद्दल बोलत होती. विभावरी सासूबाईंच्या डोक्यावरून पलीकडे न बघता हळूच म्हणाली, "बाबा, आईंना भिंतीकडच्या बाजूला बसवू. मी बाहेरच्या बाजूनं बसते."

भय्यासाहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे?" त्यांनी तितक्याच हळू विचारलं.

"दिवाळीपासून."

"अतुलला?"

"त्याला सांगितलं तर सगळ्यांनाच कळेल."

भय्यासाहेबांनी मान हलवली. कारखान्यात चांगला नग हाती आला की ते असेच हलवत.

"हात धरून ठेव तिचा," ते म्हणाले. "कोणी वेटर भांडं घेऊन जवळून गेला, की उठते."

"काय कुजबुज चाललीये मागं?" प्रणोतीनं विचारलं.

"काही नाही, ताई. बाबा दालीचं सांगून राहिले."

केशर-कस्तुरी रविवारच्या दुपारी भरलेलं होतं. भेडाघाट पाहून परतणारी कुटुंबं, मार्बलच्या छोट्या मूर्ती कागदात गुंडाळून टेबलावर ठेवलेल्या, लेकरं, आवाज. मॅनेजर गल्ल्यावर मान खाली घालून बसला होता. भय्यासाहेब त्याच्या आणि कुंदाबाईंच्या मध्ये येतील अशा बेतानं चालले. कुंदाबाईंना भिंतीला टेकलेल्या बाकावर आत सरकवलं, विभावरीनं बाहेरची बाजू अडवली. मोहिमेचा पहिला टप्पा पार पडला.

आणि जेवण खरंच चांगलं चाललं. कुंदाबाई दोन घास खात, एक घास भय्यासाहेबांच्या ताटात ठेवत. नवऱ्याच्या ताटात बायकोनं घास ठेवला तर त्याला कोणी आजार म्हणत नाही. प्रणोतीला तर भरून आलं. नागपूरला तिच्या घरी जेवताना जो तो आपापल्या फोनकडे बघे.

"बाबा, दाल तर मस्त आहे हो," ती म्हणाली.

"सुधारली असेल."

"तुम्ही उगाच आईला मेसचं खायला लावून राहिले. बघा किती खुश आहे. विभावरी, तू उठ बरं जरा. आईच्या शेजारी मी बसते, फोटो काढू. आई, तू इकडे ये, मधोमध. अतुल, उजेड पहा."

"राहू द्या ना ताई, इथूनच येतो फोटो," विभावरी म्हणाली.

"असं कोपऱ्यात? वाढदिवस तिचा आहे."

विभावरी हलली नाही. प्रणोतीनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात गढ्याच्या घरापासूनचं सगळं होतं. "माझ्या आईशेजारी बसायला मला तुझी परवानगी लागते का?"

अतुलनं बायकोला डोळ्यांनी खूण केली, की उठ. विभावरीनं सासऱ्यांकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी ताटाकडे पाहिलं, आणि ती उठली.

फोटो काढून झाला. सगळे परत बसले तेव्हा कुंदाबाई टेबलाच्या बाहेरच्या कडेला, मोकळ्या जागी राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर दालीचं भांडं आणि डाव. समोरच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं जेवायला येऊन नुसतं बसलं होतं, ताटं अजून रिकामी.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आवाजात घाई, "यांच्या पानात काहीच नाही."

भांडं उचलून त्या निघाल्यासुद्धा.

भय्यासाहेब उठेपर्यंत विभावरी उठली होती. तिनं भाताचं ताट हातात घेतलं आणि सासूच्या मागोमाग जाऊन त्या जोडप्यापुढे उभी राहिली. "आज हमारी सासूमाँ का जन्मदिन है," ती वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली. "हमारे यहाँ रिवाज है जी, पचहत्तर पूरे हों तो सबको अपने हाथ से परोसते हैं. थोड़ा-सा लीजिए, प्रसाद समझ के."

आजोबांनी ताट पुढे केलं. आजींनी हात जोडले. पलीकडच्या टेबलावरची बाई आपल्या मुलीला म्हणाली, "जाओ, पैर छुओ." मुलगी येऊन कुंदाबाईंच्या पाया पडली. कुंदाबाईंचा चेहरा असा उजळला, की तो पाहून भय्यासाहेब खुर्चीत परत बसले. सासू दाल घाली, सून भात. एक टेबल, दुसरं, तिसरं. वीस वर्षांत या दोघींनी एका ओट्यावर एवढ्या एकमतानं काम केलं नव्हतं.

"आपल्याकडे असा रिवाज होता?" प्रणोतीनं विचारलं.

"असेल," अतुल म्हणाला.

चौथ्या टेबलावर एकटाच माणूस होता. जेवण संपत आलेलं, बोटं चाटत बसलेला. कुंदाबाई डाव घेऊन वाकल्या, तसा त्यानं ताटावर आडवा हात धरला. "बस माताजी, हो गया."

आता हे आडव्या हाताचं प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे. दाण्यांच्या घरात पानावर आडवा हात धरला, तर त्याचा अर्थ नको असा कधीच नव्हता. त्याचा अर्थ, अजून एकदा विचारा. गढ्याच्या घरी कुंदाबाई त्या खेळात उस्ताद होत्या. वाढायचा डाव पाहुण्याच्या हातावर तसाच अधांतरी धरून त्या गप्पा सुरू करत. आईचा दमा कसा आहे, बदली कुठं झाली, धाकटीचं जमलं का. पाहुणा उत्तर द्यायच्या नादात हात उचले आणि डाव पानात रिकामा होई. कधी कुणाला थेंबाचा चटका बसला नाही.

वाढायचं त्यांना अजून आठवत होतं. थांबायचं त्या विसरल्या होत्या.

गरम दाल त्या माणसाच्या हातावर पडली.

तो ओरडत उठला, खुर्ची मागं पडली. ताट खाली गेलं. विभावरीनं भाताचं ताट ठेवून पाण्याचा जग त्याच्या हातावर ओतला. कुंदाबाई डाव धरून तशाच उभ्या, म्हणत होत्या, "थोडं तरी घ्या. भूक मारू नका." मॅनेजर गल्ल्यावरून धावत आला आणि त्यानं आधी भाजलेल्या हाताकडे नाही, भय्यासाहेबांकडे पाहिलं.

"अंकल, मैंने पिछली बार भी हाथ जोड़े थे आपके. बोला था न, मत लाइए आंटी को."

प्रणोती उभी राहिली होती. "पिछली बार?" तिनं मॅनेजरला विचारलं. उत्तर मात्र तिनं वडिलांच्या चेहऱ्यावरून घेतलं.

त्या माणसाचा हात लाल झाला होता, फोड आला नव्हता. भला माणूस होता, "बुज़ुर्ग हैं, जाने दीजिए" म्हणाला. केक डब्यातच राहिला. सगळे बाहेर आले. गाड्या लावायच्या जागेत निलगिरीची दोन झाडं होती, तिथं दाणी कुटुंब उभं राहिलं. कुंदाबाईंना गाडीत बसवून काच खाली केली होती.

"कधीपासून?" प्रणोतीनं विचारलं.

"पावसाळ्यापासून," भय्यासाहेब म्हणाले.

"आणि सगळी हॉटेलं..."

"हो."

"दाल, पनीर, माशा."

"हो म्हणालो ना."

"बाबा, कुणाचा डोळा गेला असता आज. तिच्या स्वतःच्या अंगावर पडलं असतं. ती रस्त्यावर निघून गेली असती तर? तुम्ही झोपले असताना?"

"मी झोपत नाही," भय्यासाहेब म्हणाले.

मग प्रणोतीचं लक्ष भावजयीकडे गेलं. शोध लागला की आरोपी लागतो.

"तुला माहीत होतं. तू काही अशी उठून भात वाढणारी नाहीस. तो रिवाज तू आधीच रचून ठेवला होतास."

"रिवाज तिथंच सुचला," विभावरी म्हणाली. "बाकी माहीत होतं."

"आणि गप्प बसलीस. काहून?"

"तुम्ही काय म्हणणार ते ठाऊक होतं, ताई. आईला घरी न्या. घर म्हणजे मी. माझ्यानं नाही होणार. हे बोलायला लाज वाटत होती, म्हणून गप्प बसले. आता लाज गेली."

प्रणोतीनं तोंड उघडलं. "तर मग मी नेते नागपूरला," ती म्हणाली. वाक्य मोठ्यांदा सुरू झालं आणि शेवटाकडे बारीक झालं. तिच्या घरी दोघंही नोकरीवर, तिसरा मजला, बाल्कनीला जाळी नाही. हे तिचं तिलाच बोलता बोलता दिसत गेलं. ती निलगिरीच्या खोडाकडे तोंड करून उभी राहिली. विभावरीनं पर्समधून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. प्रणोतीनं ती घेतली.

बाटली हातातून हातात गेली, तेव्हाच निकाल लागला होता. भय्यासाहेबांना ते कळलं. नणंद-भावजय एकत्र आल्या की दाण्यांच्या घरात उरतं काय? अतुल. आणि अतुलनं वाऱ्याची दिशा पाहून घेतली होती.

"बाबा, मागची बिल्डिंग काही वाईट नाही," तो म्हणाला. "नर्स असते. तुम्हालाही आराम."

"मला आराम नको. मला तिच्या खोलीत राहू द्या, एवढंच."

"उद्या तपासणी आहेच. तिनं प्रश्नांची उत्तरं दिली, तर कोण कशाला हलवेल?" अतुल म्हणाला.

विभावरीनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. गाडीतल्या युतीत तिनं आपलं काम चोख केलं होतं, आणि आता ती युती संपली होती. गाडीच्या काचेतून कुंदाबाईंचा आवाज आला. "अगं, उन्हात काहून उभे करून ठेवले सगळ्यांना? आत घ्या की."

संध्याकाळी भय्यासाहेब एकटेच ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईला त्यांनी विचारलं, "मॅडम, मान लीजिए पति-पत्नी दोनों की याददाश्त चली जाए, तो?"

"तो पीछे एक ही कमरा दे देते हैं, दादाजी. अलग थोड़ी करेंगे."

"अच्छा," भय्यासाहेब म्हणाले.

सोमवारी डॉक्टर ऋचा दुबे आली. तरुण पोरगी, बोलायला गोड. दोन खुर्च्या समोर, मुलं आणि सून मागच्या बाकावर. प्रणोतीनं परतीचं तिकीट पुढं ढकललं होतं.

"दादीजी, आज कौन सा दिन है?"

"तुमने खाना खाया, बेटा?"

"खा लिया. महीना कौन सा चल रहा है?"

"क्या खाया?"

डॉक्टर थांबली, मग म्हणाली, "खिचड़ी." कुंदाबाई नाराज झाल्या. खिचडीनं काय होतं. पत्ता विचारला तर गढ्याचा सांगितला, अगदी बरोबर, शेजाऱ्यांच्या नावांसकट. लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द त्यांना परत सांगता आले नाहीत. डॉक्टरनं कागदावर लिहिलं आणि टोपण लावलं.

"मेरा भी ले लीजिए," भय्यासाहेब म्हणाले.

"आपका तो मार्च में है, बाबूजी."

"आज ही ले लीजिए. गड़बड़ लग रही है मुझे."

डॉक्टरनं दुसरा कागद काढला. "ठीक है. दिन?"

"गुरुवार."

"महीना?"

"सावन." बाहेर धुकं होतं, सगळ्यांच्या अंगात स्वेटर.

अतुल म्हणाला, "बाबा, आज तर..." आणि विभावरीनं त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. प्रणोतीनं ओठ मिटून खिडकीकडे तोंड केलं. गढ्याचं घर विकल्यापासून दाणी कुटुंब पहिल्यांदाच सगळं एका बाजूला होतं, आणि तेही एका खोट्याच्या.

"शहर कौन सा है, बाबूजी?"

"कटनी."

"आपकी पत्नी का नाम?"

वार, महिना, गाव, जन्मसाल, सगळ्यांची चुकीची उत्तरं त्यांनी तयार ठेवली होती. हे त्यांनी धरलं नव्हतं. एखादं दुसरं नाव सांगता आलं असतं, पण ते तोंडातून निघेना. कारखान्यात कुणाच्या दबावानं त्यांनी सही केली नव्हती, आणि आता सही करताना हात अडकावा तसं झालं. कुंदाबाई शेजारीच बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"याद नहीं," भय्यासाहेब म्हणाले.

कुंदाबाईंनी पदर सोडला. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांच्या कानाशी म्हणाल्या,

"कुंदा. कुंदा नाव आहे माझं. असू द्या. होतं असं."

भय्यासाहेबांना पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही. डॉक्टरनं तो दुसऱ्यांदा विचारलाही नाही. तिनं पेन खाली ठेवलं.

"बाबूजी, बस. रहने दीजिए." ती मागच्या बाकाकडे न बघता म्हणाली, "जो भूल जाता है ना, वो इतना सोचता नहीं. कुछ तो भी बोल देता है." तिनं दुसरा कागद घडी करून आपल्या पिशवीत टाकला. पहिला टेबलावरच राहिला.

दुपारी मागच्या बिल्डिंगीतून दीपा नावाची बाई आली. तिनं कुंदाबाईंची पिशवी उचलली, आणि सगळे मिळून मधलं अंगण ओलांडून गेले. प्रणोतीनं आईचा एक हात धरला होता, दुसरा विभावरीनं. भय्यासाहेब मागून, अतुलच्या आधारानं. त्यांना कधी आधार लागत नसे, आज कुणी दिला तर त्यांनी घेतला. कुंदाबाई पुन्हा पुन्हा मागं वळून त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर काळजीची आठी होती.

दीपानं कुलपाचे आकडे दाबले. दार उघडलं. आत कुठंतरी रेडिओ लागला होता. उंबऱ्याशी कुंदाबाई थबकल्या, दोघींचे हात त्यांनी सोडवून घेतले, आणि सुनेला म्हणाल्या, "यांना भात ऊनऊन लागतो. इथल्या लोकांना सांगून ठेव. स्वतःहून मागायचे नाहीत."

"सांगते, आई."

मग त्या भय्यासाहेबांजवळ आल्या. त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं, खांद्यावरचा नसलेला धागा झटकला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "चांगली माणसं दिसतात. तुमचं सगळं करतील. मी येत जाईन ना."

आणि त्या आत गेल्या. दीपानं दार ओढून घेतलं. भय्यासाहेब बाहेर उभे राहिले, आणि बंद दाराकडे पाहून त्यांनी मान हलवली, बरं म्हणून.